पारटोल्याचा मुका तास

सर्व सुज्ञ, अज्ञ आणि जेवणानंतर डुलकी घेणाऱ्या वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गोंदियाच्या तहसिलीत, धानाच्या बांध्यांच्या मधोमध, अशी एक शाळा होऊन गेली, जिच्यात सगळी पोरं समोर मांडी घालून बसलेली असताना एकही पोर हजर नव्हतं. ही गोष्ट सरकारी साहेबानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, स्वतःच्या हातानं लिहिली आणि खाली झोकदार सही ठोकली. तरी वाचकांनी हसू नये. निदान आत्ताच हसू नये.

आता खुलासा. मी पेशानं प्राथमिक शाळेचा मास्तर. अंगात नाटक फार. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राक्षसाची कामं केलेला माणूस मी, आणि वर्गात राक्षसाच्याच आवाजात पाढे म्हणून घेणारा. त्यामुळे पोरांना मी आवडायचो आणि वरच्यांना आवडायचो नाही. त्याचीच शिक्षा म्हणून की काय, एक दिवस डेप्युटी साहेबांनी मला कचेरीत बोलावलं आणि खेड्यांतल्या शाळांसाठी अभ्यासक्रम बेतायचं काम माझ्या गळ्यात घातलं. डेप्युटी साहेब म्हणजे शाळा तपासणारे आमचे अधिकारी. उंच, काटकुळे, सदा खोकल्याच्या वड्या चघळणारे, नागपूरकडचे गृहस्थ.

"सर्व मुलांना सामावून घेणारा, सर्वांगीण अभ्यासक्रम हवा," ते म्हणाले. "सर्वांगीण! समजलं?"

"हो साहेब," मी म्हणालो. मला काहीही समजलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अभ्यासक्रम म्हणजे पुस्तकांची नावं एका कागदावर लिहिणं. छे! ते शिंप्याचं काम आहे. कापड वरून छापील येतं: वाचन, लेखन, गणित, चिमूटभर भूगोल आणि कवायत. अंगं मात्र खाली निरनिराळी. एक पोरगा रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभा. एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येणारी. एकाच्या घरी पोवारी बोलतात, दुसऱ्याच्या घरी गोंडी, तिसऱ्याच्या घरी छत्तीसगढी. आणि पुस्तकाच्या पहिल्याच पानावर काय, तर द्राक्षांचा घड! आमच्या भागात द्राक्ष कुणी पाहिलेलं नाही. एका पोरानं ते चित्र बघून ठामपणे सांगितलं, "बेंडकाची अंडी." मी त्याला पूर्ण गुण दिले. चित्र खरोखर तसंच होतं.

मग मी कात्री चालवायला लागलो. रोवणीच्या महिन्यात लेखन बंद, शाळा बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर. सृष्टिज्ञान तलावाच्या काठी. गणित गोरेगावच्या बाजारात. हस्तव्यवसायासाठी ज्याच्या घरी जे चालतं ते त्यानं इतरांना शिकवायचं. धिवराच्या पोरानं जाळं विणणं दाखवायचं, कास्तकाराच्या पोरानं बियाण्याची जात ओळखायला शिकवायचं. सगळंच जमलं असं नाही. दवनीवाड्याकडच्या एका शाळेत मी मातीकामासाठी कुंभाराला बोलावलं. मडकं एकालाही जमलं नाही, पण कुंभार आपल्या गाढवाला ज्या शिव्या देतो त्या सगळ्या वर्गाला एका दुपारी तोंडपाठ झाल्या. पाठांतर इतकं चोख मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

तर अशा माणसाला साहेबांनी पारटोल्याला मास्तर म्हणून पाठवलं.

तलावाच्या मातीच्या बांधाला आमच्याकडं पार म्हणतात. पाराखाली वसलेला म्हणून तो पारटोला. शाळा मात्र वर, पाराच्या टोकाला, उंचवट्यावर. तिचं पुढचं दार गावाकडं, मागचं दार तलावाकडं. तलाव मोठा, जुना, शिंगाड्याच्या वेलींनी काठाकाठानं झाकलेला. मधलं पाणी उघडं आणि काळसर. सकाळी धुकं असलं की पलीकडचा काठ दिसायचा नाही आणि त्या पांढऱ्यातून सारस पक्ष्यांची जोडी ओरडायची. ते ओरडणं थांबलं की इतकी शांतता पसरायची, की आपण काहीतरी बोललं पाहिजे असं वाटायचं आणि बोलायचं धाडस व्हायचं नाही.

साहेब तिथं आधी एकदा जाऊन आले होते. त्यांनी हजेरी घेतली. नाव पुकारलं, ओ नाही. दुसरं नाव, ओ नाही. शेवटपर्यंत एकानंही तोंड उघडलं नाही. सगळे समोर बसलेले, टकमक बघणारे. साहेब नियमाचे पक्के. ओ नाही म्हणजे गैरहजर. त्यांनी सगळ्यांना गैरहजर मांडलं, वडी तोंडात टाकली आणि परत निघाले. पुढच्या तपासणीतही असंच झालं तर शाळा बंद होणार होती.

मी पहिल्या दिवशी हजेरी घेतली. "मंगरू!"

ओ नाही.

"हेमराज!"

ओ नाही. पोरं माझ्याकडं बघतही नव्हती. सगळ्या माना हळूच वळल्या होत्या मागच्या दाराकडं, पाण्याकडं. आणि सगळी पोरं ऐकत होती. अहो, मी रंगभूमीवरचा माणूस, प्रेक्षक ऐकतात कसे ते मला ठाऊक आहे. पण ही पोरं माझं ऐकत नव्हती. माझ्या हाकेमागून आणखी काही येतं का, ते ऐकत होती.

संध्याकाळ व्हायच्या आधीच मी पाटलांचं घर गाठलं. लेखराम पाटील म्हणजे गावातला मोठा कास्तकार, पोवार, देहानं भरदार, बोलायला सडेतोड. त्यांचा सगळ्यात धाकटा मुलगा हेमराज नुकताच शाळेत यायला लागला होता.

"पाटील, पोरं ओ का देत नाहीत?"

पाटलांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू पाणी ओलं का असतं असं मी विचारलं होतं. "पह्यल्या हाकेले कोन ओ देते मास्तर? तलाव आवाज देते ना जी!"

"तलाव?"

"हव. मानसाच्याच आवाजात देते. मायच्या, बापाच्या, जोडीदाराच्या. पन एकदाच. दुसऱ्यांदा त्याले जमत नाही. मानूस असला तं दोनदा बोलावते. म्हनून दुसऱ्या हाकेलेच ओ द्याची. तुमच्या गावाकडं नाही का असा?"

"आमच्या गावाकडं तलाव गप्प असतात. आणि पहिल्याच हाकेला कुणी ओ दिली तर?"

पाटलांनी पानाची पिंक टाकली, पाराकडं हात केला आणि आवाज खाली आणला. "देलेली ते पाहा बसली."

पारावर, शाळेच्या मागच्या दारापासून थोड्या अंतरावर, एक मुलगी पाय पोटाशी घेऊन बसली होती. नऊ-दहा वर्षांची असेल. ती तलावाकडं बघत होती आणि हसत होती. समोर नुसतं पाणी होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक नाव दोनदा पुकारायला लागलो आणि शाळा खणखणीत हजर झाली. झाली खरी, पण त्या दोन हाकांच्या मधली जागा मला रोज ओलांडावी लागायची. पहिली हाक सुटली की वर्ग श्वास धरायचा. बाहेर वेलींखाली पाणी चुळबुळायचं. ती पोकळी लहानशीच, पण तिच्यात कुणीतरी उभं आहे, असं वाटायचं. दुसरी हाक मी घाईघाईनं मारायचो. अजून ती सवय गेलेली नाही. घरी बायकोलाही मी दोनदा हाक मारतो. ती पहिल्या हाकेला ओ देत नाही, पण त्याचं कारण तलाव नाही.

त्या मुलीचं नाव सोमती. धिवराची पोर. तिची आई भागरता रोज सकाळी तिला पारावर बसवून डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, शिंगाडे तोडायला जायची. मी एकदा सोमतीच्या मागं उभा राहून पितळेची घंटा वाजवली. तिनं मान वळवली नाही. वर्गातून हेमराज ओरडला, "तिले ऐकू येते गुर्जी! पन आपला नाही येत, तिकडचा येते!" मी पाय जमिनीवर आपटला, तशी ती चटकन वळली, माझ्या पायाकडं बघितलं आणि मग तोंडाकडं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. कुतूहल होतं. वर्गातल्या कुठल्याही पोराच्या डोळ्यांत मी आजवर आणू शकलो नव्हतो, इतकं.

भागरता डोंगा काठाला लावत होती. मी विचारलं, "बाई, पोरीला ऐकू येत नाही ना?"

"नाही जी." ती ओल्या हातांनी शिंगाडे टोपलीत टाकत राहिली. "गाव म्हनते तलावानं बोलावला. मीच आवाज देलो होतो जी. मीच. डोंग्यात होतो, तोडून राहिलो होतो. हात कामात होता, दुसऱ्यांदा आवाज द्याचा ध्यानातच नाही राहिला. ती लहान होती. धावत आली अन् पाय घसरला. काढलो तं लाकडावानी थंडी. मंग ताप भरला. तापात कान गेले अन् बोलनाबी गेला."

"मग गावाला हे सांगितलं नाही?"

"सांगितलो ना. गाव म्हनते, ते तू नोहोस भागरता, नुसता तुहा आवाज होता." तिनं पाण्याकडं बघितलं. "आता तं मलेबी कधी कधी समजत नाही जी, मी आवाज देलो का नाही देलो."



"गुर्जी," ती म्हणाली, "तिचा नाव गावात कोनी घेत नाही. पोरं जवळ बसत नाही. तुम्ही तिले शाळेत घ्या ना. ऐकू नाही आला तरी चालते. चार पोरांत बसन तं ते मानूस हाये असा तरी लोकाईले वाटन."

सर्व मुलांना सामावून घेणारा अभ्यासक्रम! साहेबांचे ते शब्द मला त्या क्षणी समजले, आणि समजले म्हणून मी घाबरलो. वर्गात घेणं एकवेळ सोपं. पण शिकवायचं काय? आमचं सगळं शिक्षण तोंडातून निघतं आणि कानात शिरतं. पाढे, कविता, श्लोक, छडीच्या धमक्या, सगळं. कान नसलेल्या पोरीला त्यात जागा कुठली?

याचं उत्तर माझ्या हुशारीनं सापडलं असं सांगायला मला फार आवडलं असतं. ते सर्दीनं सापडलं.

हिवाळा सुरू झाला आणि माझा घसा पार बसला. शब्द फुटेना. शाळा तर बंद ठेवायची नाही. मग मी दंडारीतली विद्या काढली. तोंड मिटून, हातवारे करून, डोळे फिरवून शिकवायला लागलो. नियम केला, मी मुका तर सगळेच मुके, हसायची तेवढी मुभा. मोजणी करताना जमिनीवर थाप मारायचो, थापा पोरांच्या बुडाला जाणवायच्या. अक्षर एका पोराच्या पाठीवर बोटानं काढायचो, त्यानं ते पुढच्याच्या पाठीवर काढायचं, असं करत शेवटच्यानं पाटीवर लिहायचं. वर 'क' सोडलेला असायचा आणि खाली पाटीवर कधी कधी उंदीर पोचायचा. पोरं खदाखदा हसली. पारटोल्याची पोरं इतकी मोकळी हसताना मी पहिल्यांदाच पाहिली, आणि थोड्या वेळानं त्याचं कारण माझ्या डोक्यात शिरलं. ज्या तासाला कुणी कुणाला हाकच मारत नाही, त्या तासाला तलावावर कान ठेवून बसायची गरजच नव्हती. इतके दिवस ही पोरं एक कान मला आणि एक कान पाण्याला देऊन शिकत होती. आज दोन्ही कानांना सुट्टी होती.

त्या हसण्यात मी पाटी बघायला वळलो, तर रांगेत शेवटी एक पोर जास्त. सोमती. मागच्या दारानं कधी आत आली, कुणालाच कळलं नव्हतं. पाठीवरचं अक्षर तिच्यापर्यंत पोचलं होतं आणि ते तिनं पुसलेल्या पाटीवर बिनचूक उतरवलं होतं. वर्ग थिजला. मंगरूच्या हातातली पेन्सिल खाली पडली. पण नियम नियम होता. तास मुका होता. किंचाळायचं तरी कसं? मी छाती पुढं काढून, दोन्ही हात पसरून राजासारखा तिला मुजरा केला. तिनं तो तसाच्या तसा मला परत केला, माझ्या पोटासकट. पोरं पुन्हा हसली.

घसा बरा झाला, तरी तो तास मी सोडला नाही. त्याला मुका तास म्हणायला लागलो आणि अभ्यासक्रमात पक्का बसवला. बडबड्या पोरांना त्यात बघायला शिकावं लागे, बुजऱ्यांना बोलायची धास्ती नसे, आणि घरची बोली कुठली हा प्रश्नच उरत नसे, कारण बोटांची बोली सगळ्यांची एकच. पुढं कचेरीत कुणीतरी शेरा मारला, "या तासात शिक्षक बोलत नाही, मग शिकवतो कोण?" आणि तो तास छापील अभ्यासक्रमात कधी आलाच नाही. या एका गोष्टीची हळहळ मला आजही आहे. बाकी द्राक्षं गेली, त्यात आनंद आहे.

पण आपण पारटोल्यात होतो. सोमती रोज त्या तासाला येऊन बसायला लागली आणि थोड्याच दिवसांत लेखराम पाटील काठी टेकत शाळेत आले.

"मास्तर, हे का लावलं तुम्ही? तुम्ही महाराच्या पोराले, धिवराच्या पोराले एका रांगेत बसवला, एकमेकाच्या पाठीले हात लावाले लावला. आमी बोललो नाही. जातीचा विटाळ पान्यानं जाते. पन तलावाचा विटाळ कोनत्या पान्यानं धुवाचा?"

"ती बहिरी आहे पाटील. बाकी काही नाही."

"बहिरी हाये तं तिकडं पाहून हासते काऊन?"

ती खरोखर हसायची. कधी मागच्या भिंतीला तळहात लावून बसायची, जणू पलीकडं कुणी दार ठोठावतंय. मी तिला खुणेनं विचारलं होतं, काय आहे तिथं? तिनं माझा हात धरून भिंतीवर ठेवला. भिंत गार होती. मला काहीही जाणवलं नाही. ती मात्र माझ्याकडं आशेनं बघत राहिली, आणि मग तिनं हात सोडून दिला.

"साहेब येणार आहेत," मी पाटलांना म्हणालो. "त्यांना सर्व मुलांना सामावून घेणारी शाळा हवी आहे. गावातली सगळी पोरं वर्गात दिसली नाहीत, तर शाळा जाईल. तुमच्या हेमराजचीही."

पाटलांनी काठीच्या टोकानं जमीन उकरली. हेमराज शाळेवर जीव टाकत होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, "त्या एका दिवसापुरती येऊ द्या. पन आत नाही. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसन. तलावाची हाये, तलावाकडंच बसन. अन् काही विपरीत झाला, तं पोरगी शाळेच्या जवळबी नाही दिसली पायजे. कधीच. तिच्या मायले सांगून ठेवा."

मी भागरताला सांगितलं. तपासणीच्या दिवशी तिनं पोरीचे केस तेल लावून चोपून बसवले होते आणि स्वतः डोंगा काठाला बांधून पारावर उभी होती. त्या दिवशी ती पाण्यावर गेलीच नाही.

साहेब आले भर दुपारी. धान घरात आलेलं, गाव मोकळं. निम्मं गाव पडवीत आणि खिडक्यांशी जमलं होतं. पाटील पुढच्या दारात. साहेबांनी हजेरी हातात घेतली. मी हळूच म्हणालो, "दोनदा, साहेब."

"काय दोनदा?"

"नाव. मध्ये किंचित थांबून."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पुकारलं. "मंगरू." थांबले. वर्ग थांबला. पाणी थांबलं. साहेबांच्या तोंडातली वडी एका गालातून दुसऱ्या गालात गेली, तिचा आवाजसुद्धा ऐकू आला. "मंगरू," दुसऱ्यांदा ते जरा घाईनंच म्हणाले, आणि मंगरूनं झकास ओ दिली. शेवटचं नाव संपेपर्यंत साहेबांनी खुर्ची भिंतीकडून ओढून वर्गाच्या बरोबर मध्ये आणली होती. का, ते मी विचारलं नाही.

मग मी मुका तास सुरू केला. माझ्या ओठांवर बोट, सगळ्यांच्या ओठांवर बोट. मी वर्गाच्या पुढं, फळ्याला पाठ लावून. पोरांची लांबच लांब रांग वळसा घेत मागच्या दारापर्यंत गेलेली. उंबऱ्यावर सोमती, तिच्या मागं नुसतं ऊन आणि पाणी. मी पहिल्या पाठीवर अक्षर सोडलं. बोटं चालायला लागली. साहेब पुढं वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच खोकल्याशिवाय दुसरा काही भाव पाहिला.

अक्षर अर्ध्या वाटेवर असेल. तेव्हा हाक आली.

"हेमराज!"

मागच्या दाराबाहेरून आली, पाण्याच्या बाजूनं. स्वच्छ, मोठी, जरा नाटकी. आवाज माझा होता. माझं तोंड मिटलेलं होतं आणि बोट अजून ओठांवर होतं.

या आवाजाबद्दल लोकांनी पुढं मला पुष्कळ खुलासे ऐकवले. कुणी म्हणालं पलीकडच्या काठावरचा गुराखी, कुणी म्हणालं सकाळच्या हाकेचा प्रतिध्वनी, आणि एका दीडशहाण्यानं तर मी पोटातून बोललो असं ठरवलं. दंडारीत मी बरंच काही शिकलो, पण ते नाही. पारावर त्या वेळी फक्त भागरता उभी होती. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. हे सगळं इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं घडायला फार वेळ लागला नाही आणि मध्ये थांबायची माझी इच्छा नाही.

सगळी बोटं जागच्या जागी थबकली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या मिटलेल्या ओठांकडं बघितलं, आणि त्यांचा रंग उतरला. वर्गातल्या प्रत्येक पोराला काय करायचं ते ठाऊक होतं: काहीच नाही. पण हेमराज लहान होता. त्याचा माझ्यावर जीव होता. गुरुजींनी बोलावलं, एवढंच त्याला कळलं. तो उठला. त्याची पाठ माझ्याकडं होती, तोंड दाराकडं. तो दाराकडं चालायला लागला. पुढच्या दारात पाटलांचा हात वर गेला, पण त्यांच्या तोंडून आवाज निघेना. हाक मारली आणि पोरानं हीच दुसरी हाक समजून ओ दिली तर? मला तेच भय. आख्ख्या गावाला तेच भय. मुलाला थांबवायला नाव घेतलं पाहिजे, आणि नाव घेणंच धोक्याचं. आम्ही सगळे ऐकणारे जागच्या जागी बांधले गेलो होतो.

हेमराजनं ओ द्यायला तोंड उघडलं.

सोमतीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या दृष्टीनं मुका तास चालू होता आणि एक बारकं पोर रांग मोडून, तोंड उघडून, नियम तोडायला निघालं होतं. ती भयंकर चिडली. उंबऱ्यावरूनच तिनं एक हात लांबवून त्याचं तोंड तळहातानं बंद केलं, दुसऱ्या हातानं त्याचा खांदा धरून त्याला खाली बसवलं, आणि मी वर्गात करतो तसे डोळे वटारले, थेट राक्षसाचे. मग त्याची पाठ रांगेकडं करून त्याला रांगेत शेवटी बसवलं, आणि पुढच्याकडं हाताची खूण केली: चला, अक्षर कुठं अडलं?

आम्ही दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिलो. सगळे. साहेबसुद्धा. बाहेर वेलींखाली पाणी एकदा हललं, जड अंगाचं कुणीतरी कूस बदलावं तसं, आणि निवांत झालं.

दुसरी हाक आली नाही.

एक बोट हललं. मग दुसरं. अक्षर रांगेतून पुढं सरकत सरकत हेमराजच्या पाठीवर आलं, आणि त्यानं रडवेल्या तोंडानं ते सोमतीच्या तळहातावर काढलं. तिनं ते पाटीवर लिहून, पाटी उंच धरून, वर्गाला दाखवली.

आणि मुक्या तासाचा, साहेबांचा, स्वतःच्या शब्दाचा, कशाचाही मुलाहिजा न ठेवता लेखराम पाटील पुढच्या दारातून ओरडले, "अरे, जिले तलावाचा आवाज ऐकूच येत नाही, तिले उंबऱ्यावर कायले बसवली? आत घ्या मास्तर, आत घ्या पोरीले, माह्या हेमराजच्या बाजूले बसवा!"